कोटजाईच्या कांठानें दाभोळपर्यंत

कोंकण पाहावयाचें म्हटलें कीं बहुतेकांची दृष्टि आपोआप समुद्राकडे वळते. दापोलीस येणारा पाहुणाही याला अपवाद नाहीं. तो मुरुड-कर्द्याच्या वाळूंत पाय भिजवितो, हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहतो, सुवर्णदुर्गाकडे बोट दाखवून मुलांना कान्होजी आंग्र्यांची गोष्ट सांगतो आणि कोकम-सुपारीच्या पिशव्या घेऊन माघारी फिरतो. यांत गैर कांहीं नाहीं. २०२५ च्या जुलै महिन्यांत मराठ्यांचे जे बारा किल्ले युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत घातले, त्यांत आमचा सुवर्णदुर्गही आहे, आणि त्याचा अभिमान दापोलीकरांना वाटतो तसा मलाही वाटतो. परंतु आज मी आपणांस समुद्राकडे पाठ करून चालावयास सांगणार आहें.

दापोलीच्या पठारावरून दक्षिणेकडे कोटजाई नदीच्या खोर्‍यांत उतरावें, तिच्या कांठचीं पन्हाळेकाजीचीं लेणीं पाहावीं, उन्हवर्‍याच्या गरम पाण्यापाशीं क्षणभर थांबावें, आणि जेथें हें सारें पाणी वाशिष्ठीच्या खाडींतून समुद्राला मिळतें त्या दाभोळ बंदरावर मुक्काम करावा, असा हा प्रवास आहे. दोन दिवस पुरे होतात. अंतर फार नाहीं; दापोलीपासून लेणीं सुमारें तीस किलोमीटर, आणि दाभोळही जवळ जवळ तेवढेंच. पण या दोन दिवसांत माणूस जवळ जवळ दोन हजार वर्षें चालून येतो.

आरंभ दापोलीपासूनच करूं. पेशवाई बुडाल्यावर १८१८ सालीं इंग्रजांनीं येथें लष्करी छावणी घातली. पठाराची हवा थंड, समुद्र जवळ, म्हणून त्यांना ती जागा मानवली. त्या छावणीवरून ‘कॅम्प दापोली’ हें नांव पडलें, आणि आमचीं जुनीं माणसें अजूनही गांवांत जावयाचें म्हणजे ‘कांपांत’ जातों म्हणतात. फौज पुढें गेली, पण निवृत्त शिपायांची वस्ती राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही सैन्यांतून निवृत्त झाल्यावर कांहीं काळ येथें राहिले होते. येथल्या मिशनच्या शाळेंत महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे शिकले, आणि पालगडहून येऊन साने गुरुजीही शिकले. १९७२ सालीं कोंकण कृषि विद्यापीठाची स्थापना येथेंच झाली. एवढ्या लहानशा गांवाला इतकें सांगावयास असतें ही दापोलीची मिजास खरी. पण आपल्याला पुढें जावयाचें आहे.

पठारावरून खालीं उतरूं लागलें कीं प्रथम जमीन बदलते. वर तांबडा जांभा. त्याचे चिरे काढून घरें बांधावीं, त्याच्या सड्यावर पावसाळ्यांत गवत आणि रानफुलें उगवावीं, बाकी आठ महिने तो तापत पडावा. खालीं नदीजवळ मात्र काळा पाषाण उघडा पडतो. हा फरक लक्षांत ठेवावा, कारण जांभ्यांत नाजूक मूर्ति कोरतां येत नाहीं. काळ्या दगडांत येते. ज्यांनीं पन्हाळेकाजीची जागा निवडली त्यांना दगडाची पारख होती.

आणखी एक पारख त्यांना होती, ती वाटेची. कोंकणांत पूर्वीं नदी हीच सडक होती. भरतीच्या पाण्याबरोबर गलबतें खाडींतून आंत येत. वाशिष्ठीची भरती थेट चिपळूणजवळच्या गोवळकोटापर्यंत चढते. तेथें माल उतरे, बैलांच्या पाठीवर पडे, आणि कुंभार्ली घाटानें देशावर जाई. दाभोळास उतरलेला घोडा, कापड, तांबें अथवा खजूर याच वाटेनें वर गेला, आणि देशावरचा माल याच वाटेनें खालीं आला. व्यापार्‍यामागून भिक्षु येतो आणि भिक्षूला चातुर्मासांत राहावयास कोरडी जागा लागते. कोटजाईच्या वळणावर, धाकटी नदी तिला मिळते त्या परिसरांत, डोंगराच्या कुशींत ती जागा त्याला सांपडली.

पन्हाळेकाजीस एकूण एकोणतीस लेणीं आहेत. बहुतेक एका रांगेंत, नदीकडे तोंड करून आहेत. एक जरा दूर आहे, त्याला गौर लेणें म्हणतात. पहिल्या दर्शनांत डोळे दिपत नाहींत, हें मी आधींच सांगून ठेवतों. वेरूळ-अजिंठा पाहून आलेल्यांनीं तशा भव्यतेची अपेक्षा ठेवूं नये. लहान लहान ओवर्‍या, ठेंगणे खांब, कोठें अर्धवट राहिलेलें काम, आणि सगळ्यांवर पावसाची काळी झांक. पण घाई न करितां एकेका लेण्यांत बसलें, डोळ्यांना अंधाराची संवय होऊं दिली, म्हणजे भिंती हळूहळू बोलूं लागतात.

प्रथम येथें हीनयान पंथाचे बौद्ध भिक्षु राहिले. त्यांचा काळ तिसर्‍या शतकाच्या सुमाराचा. मागून वज्रयानी आले. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत महाचंडरोषण नांवाच्या उग्र देवतेची मूर्ति आहे. ही देवता अक्षोभ्य बुद्धाच्या कुळांतली मानतात, आणि महाराष्ट्रांत तिचें दर्शन अत्यंत विरळा आहे. नंतर शिलाहारांच्या अमदानींत शिवलिंगें आलीं. एकोणिसाव्या लेण्यांत शिवलिंग आहे, आणि वर छताकडे मान वळविली तर रामायण-महाभारतांतील प्रसंगांचे लहान लहान शिल्पपट दिसतात. दुसर्‍या एका लेण्यांत गणपति विराजमान आहे. शेवटीं नाथपंथी आले. चौदाव्या लेण्यांत मत्स्येंद्र-गोरक्षांच्या परंपरेचीं शिल्पें आहेत, आणि गौर लेण्यांत चौर्‍यांशीं सिद्धांच्या आकृति ओळीनें बसल्या आहेत. चौदाव्या शतकापर्यंत येथें साधकांची वर्दळ होती. म्हणजे हजार-अकराशें वर्षें एकाच डोंगराला माणसें छिन्नी लावीत राहिलीं.

येथें मला मोठी गंमत वाटते ती अशी. नवा पंथ आला म्हणजे त्यानें जुन्या पंथाची ओवरी टाकून दुसरा डोंगर धुंडाळला नाहीं. तो त्याच ओवरींत राहावयास गेला, आणि तिच्यांत आपला देव आणला. आपल्याकडे जुनें घर विकत घेतलेला माणूस देव्हारा तेवढा बदलतो आणि माजघर तसेंच ठेवतो, तशांतलाच हा प्रकार. त्यामुळें आज त्या एका कातळांत बौद्ध, शैव, गाणपत्य आणि नाथ हे सारे शेजारीं म्हणून राहिलेले दिसतात.

हीं लेणीं विद्वानांच्या नजरेस नीट आलीं तीं फार उशिरां. येथें शिलाहार विक्रमादित्याचा शके १०६१, म्हणजे इसवी सन ११३९ चा, ताम्रपट मिळाला आणि त्यांतील ‘प्रणालक’ हें नांव आणि पन्हाळें हें गांव यांची सांगड बसली. भारतीय पुरातत्त्व खात्याचे एके काळचे महासंचालक मधुसूदन नरहर देशपांडे यांनीं या लेण्यांचा कसून अभ्यास केला, आणि १९८६ सालीं खात्यानें त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. हीनयानापासून नाथ संप्रदायापर्यंतचें स्थित्यंतर एकाच जागीं कसें वाचतां येतें हें त्यांनीं दाखवून दिलें. आजूबाजूच्या गांवच्या लोकांना मात्र तीं लेणीं कधींच हरवलीं नव्हतीं. गुरें राखणारीं पोरें पावसांत त्यांत आडोसा घेत होतीं, आणि देव होते तेथें दिवा लागत होता.

आतां मला माझी स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. अनेक वर्षांपूर्वीं मी मास्तर म्हणून विद्यार्थ्यांची सहल घेऊन येथें आलों होतों. मुलें दंगा करीत होतीं, मी शिदोरीच्या व्यवस्थेंत होतों. निघतांना पाहतों तो एका लेण्याच्या भिंतीवर कोळशानें दोन मुलांचीं नांवें लिहिलेलीं. मी त्यांना दटावलें, ओल्या फडक्यानें पुसवून घेतलें, आणि मनाशीं म्हटलें, पोरेंच तीं! पण काळें पुरतें गेलें नाहीं. पुढें वर्षानुवर्षें तें माझ्या डोळ्यांपुढें येत असे. परवां पुन्हां गेलों तेव्हां पहिल्याप्रथम तीच भिंत धुंडाळली. आमच्या मुलांचीं नांवें सांपडलीं नाहींत. पाऊस आणि काळ यांनीं तीं नेलीं असावींत.

मी भिंतीशीं नाक लावून काय शोधतों आहें, हें बाहेर ओट्यावर बसलेला एक कातकरी म्हातारा पाहत होता. खालच्या डोहांत खेकडे धरून तो वर दम खावयास आला होता. मीं त्याला सारी हकीकत सांगितली. तो हंसला आणि म्हणाला, “मास्तर, तुम्हां लोकांचं नाव सातबाऱ्यावर असतं, तरी दगडावर कशाला लिवतां? आमचं तर कंच्याच कागदावर नाय.” मला उत्तर सुचलें नाहीं. मीं त्याला विडीकाडीला पैसे देऊं केले. ते त्यानें घेतले नाहींत. त्याऐवजीं, मला नदीकडे चला म्हणाला.

श्रोतेहो, त्यानंतरचा तास-दीड तास हा माझ्या प्रवासाचा खरा भाग. कोणत्या दगडाखालीं खेकडा असतो आणि कोणत्या दगडाखालीं साप, हें त्याला दगडाच्या कडेच्या चिखलावरून कळत होतें. कोणता कोंड उन्हाळ्यांतही आटत नाहीं, पहिल्या पावसांत मासे कोणत्या वहाळानें वर चढतात, अंडीं घालणारी मासळी कां धरूं नये, कोणता कंद कसा उकडला म्हणजे खाजत नाहीं, हें सारें त्याच्या जिभेवर होतें. यांतलें एक अक्षर कोणत्या फलकावर लिहिलेलें नाहीं. आपण ज्याला प्राचीन वारसा म्हणतों तो दगडांत असतो असें आपण धरून चालतों. हा दुसरा वारसा माणसांच्या डोक्यांत असतो. त्याचा धनी गेला कीं तोही जातो, आणि मागें पडकी ओवरीसुद्धां उरत नाहीं.

कातकरी हें नांव कातावरून पडलें. खैराच्या लांकडाचा गाभा उकळून विड्याचा कात करणें हा त्यांचा परंपरेचा धंदा. इंग्रजी अमदानींत जंगलें राखीव झालीं आणि खैर तोडणें हा गुन्हा ठरला, धंदा बसला. त्यावर आणखी गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का त्यांच्या कपाळीं आला. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, पण कपाळावरचा डाग कायद्याबरोबर पुसला जात नाहीं. पुढें कोळशाच्या भट्ट्या आणि विटांच्या भट्ट्या हेंच पुष्कळांचें जिणें झालें. पावसाळ्याच्या तोंडीं मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि पाऊस सरला कीं पोराबाळांसह ती फेडावयास परमुलखीं जावयाचें. घर असतें तें बहुधा दुसर्‍याच्या जमिनींत. केंद्र सरकारनें महाराष्ट्रांतील ज्या तीन जमाती विशेष दुर्बल आदिवासी गटांत धरल्या आहेत, त्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. २००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला, २०२३ सालीं या गटांसाठीं स्वतंत्र योजनाही निघाली. कागद हातीं पडण्याचें काम मात्र प्रत्येक वाडीला स्वतंत्रपणें करावें लागतें, आणि त्यासाठीं दापोली-खेडच्या कचेर्‍यांत किती हेलपाटे पडतात तें त्या म्हातार्‍यानें मला बोटांवर मोजून दाखविलें.

कातकर्‍यांत एक जुनी समजूत आहे. आपण रामाच्या सैन्यांतल्या वानरांचे वंशज आहों, असें ते सांगत आले आहेत. मीं म्हातार्‍याला पुन्हां वर नेऊन एकोणिसाव्या लेण्याचें छत दाखविलें. तो पुष्कळ वेळ मान वर करून उभा होता. कांहीं बोलला नाहीं. जातांना उंबर्‍याला हात लावून हात कपाळाला लावला, एवढेंच.

पन्हाळेकाजीहून उन्हवरें जवळ आहे. येथें जमिनींतून गंधकाच्या वासाचें कढत पाणी येतें. स्नानासाठीं कुंडें बांधलेलीं आहेत आणि स्त्रीपुरुषांची सोय निराळी आहे. झर्‍याच्या उगमापाशीं हात घालण्याचें धाडस करूं नये. कोंकणांत सह्याद्रीच्या पायथ्याला समांतर अशी गरम झर्‍यांची माळच आहे. जमिनीच्या पोटांतील भेगांतून खोल मुरलेलें पावसाचें पाणी तापून वर येतें असा त्याचा उलगडा भूगर्भशास्त्रज्ञ करितात. त्वचेचे रोग येथें बरे होतात अशी लोकांची श्रद्धा आहे. थकलेले पाय बरे होतात एवढें मी स्वानुभवानें सांगूं शकतों.

दुसर्‍या दिवशीं दाभोळ. आज दाभोळचा धक्का शांत असतो. मासळीच्या होड्या, धोपाव्याकडे जाणारी मोटारींची फेरीबोट, आणि पलीकडच्या तीरावर अंजनवेलचा गोपाळगड. ही फेरीबोट २००३ सालीं सुरू झाली आणि दापोली-गुहागर हें रस्त्यानें लांबचें अंतर कांहीं मिनिटांवर आलें. पण पंधराव्या-सोळाव्या शतकांत हें पश्चिम किनार्‍यावरील नामांकित बंदर होतें. रशियांतील त्वेर गांवचा व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बहामनी राज्यांत हिंडला, आणि परत जातांना येथूनच जहाजांत बसला. अरबस्तान, खुरासान अशा दूरदूरच्या मुलखांतून येथें घोडे येतात असें त्यानें लिहून ठेवलें आहे. आणि १५०८ च्या डिसेंबरांत पोर्तुगीज गव्हर्नर फ्रान्सिस्को द आल्मेदा यानें हेंच गांव जाळलें, आणि बायकापोरांसह लोकांची कत्तल केली. नदी संपत्ति आणते तशीच आगही आणते, हें दाभोळइतकें थोड्याच गांवांनीं पाहिलें असेल.

त्या वैभवाची खूण म्हणून धक्क्याजवळच आदिलशाही काळची मशीद उभी आहे. मोठा घुमट, चार मिनार आणि काळ्या दगडाचें घाटदार काम. विजापूरची एक शाहजादी मक्केच्या यात्रेस निघाली होती, तिला येथून पुढें जातां आलें नाहीं, म्हणून यात्रेसाठीं आणलेलें द्रव्य तिनें या मशिदीला लावलें, अशी आख्यायिका गांवांत सांगतात; त्यावरून ‘मां साहेबाची मशीद’ हें नांव. गांवाबाहेर चंडिकेचें देवस्थान आहे. तेथें गुहेंत वांकून शिरावें लागतें, आणि आंत समईच्या उजेडांतच देवीचें दर्शन होतें. डोळ्यांना अंधाराची संवय होईपर्यंत थांबावें लागतें. पन्हाळेकाजीस आदल्या दिवशीं झालेली संवय येथें उपयोगी पडते.

दाभोळचें नांव आमच्या काळांत पुन्हां एकदां जगभर झालें तें वीजप्रकल्पामुळें. तो प्रकल्प खरें पाहतां खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यांत. नांव मात्र दाभोळचें लागलें. २००१ सालीं ती परदेशी कंपनी कोसळली आणि नांव बदनाम झालें तें या गरीब गांवाचें. त्यापेक्षां खोल गोष्ट पाण्याची आहे. कोयनेचें पाणी वीज करून झाल्यावर सह्याद्रीच्या अलीकडे वाशिष्ठींत सोडलें जातें. म्हणजे पूर्वेस बंगालच्या उपसागराकडे जावयाचें पाणी येथें पश्चिम समुद्राला मिळतें. २२ जुलै २०२१ रोजीं याच वाशिष्ठीनें चिपळूण बुडविलें, तेव्हां नदीच्या पात्रांतील गाळाचा प्रश्न सर्वांच्या तोंडीं आला. आणि लोट्याच्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्यानें खाडींतली मासळी मरते, ही खाडीकांठच्या भोई-खारवी मच्छीमारांची तक्रार तर कित्येक वर्षांची आहे. धक्क्यावर तिसर्‍यांची टोपली घेऊन बसलेल्या एका बाईला मीं सहज विचारलें, पूर्वींसारख्या मिळतात का? ती म्हणाली, “मिळतात, पण आतां दोन भरत्यांची वाट बघावी लागते.”

आतां शेवटीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. हा प्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत करावा. पावसाळ्यांत नदी चढलेली असते आणि लेण्यांकडची पायवाट निसरडी. बॅटरी जवळ ठेवावी, पण मूर्तींना हात लावूं नये, पाणी अथवा खडू लावून शिल्प उठावदार करण्याच्या भानगडींत पडूं नये. मुलांना नेलें तर त्यांच्यावर, आणि कोळशाच्या तुकड्यांवर, लक्ष असावें. जेवणखाण गांवांतल्याच घरीं सांगावें. आणि वाट दाखवावयास त्याच खोर्‍यांतला माणूस घ्यावा, त्याला दिवसाची पुरी मजुरी ठरवून द्यावी, आणि त्याला फक्त वाट विचारूं नये, नदीही विचारावी. त्याचें नांव विचारावें आणि लक्षांत ठेवावें.

एवढें आपण केलेंत, तर कोळशाच्या भट्टीवर उचल फेडावयास जाणार्‍या एखाद्या घराला, आपल्याच नदीच्या कांठीं, आपल्याच ज्ञानावर चार दिवस पोट भरतां येईल. लेणीं सरकार राखील, निदान त्यानें राखावींत असा कायदा आहे. डोह, कंद आणि मासळीच्या वाटा यांचें ज्ञान राखणारा कायदा नाहीं; तें, ज्यांच्याजवळ आहे त्यांचें पोट त्यावर भरलें तरच राहील.

त्या म्हातार्‍याचा निरोप घेतांना मीं त्याचें नांव विचारलें. त्यानें सांगितलें, आणि लगेच वर म्हणाला, “भिंतीवर नका लिवूं.” मीं तें माझ्या वहींत लिहून घेतलें आहे.